मिळालेल्या दानांचा कारभार: ओळख, वापर, हिशेब आणि हस्तांतर

ख्रिस्ती मंडळीत दोन तक्रारी कायम कानावर येतात. एक: ‘माझ्यात काहीच नाही, मी काय सेवा करणार?’ दुसरी: ‘सगळं मलाच बघावं लागतं.’ बहुतेक वेळा दोन्ही एकाच मंडळीतल्या, एकाच रविवारच्या असतात. माणसांना दानं, म्हणजे देवाने दिलेल्या क्षमता, मिळालेली असतात, पण कोणाकडे काय आहे, ते कुठे वापरलं जातंय आणि उद्या कोण सांभाळणार, याचा कारभार कोणीच लिहून ठेवलेला नसतो.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:१०) प्रत्येकाला मिळालेलं कृपादान एकमेकांसाठी वापरायला सांगितलंय, आणि वापरणाऱ्याला कारभारी म्हटलंय. कारभारी मालक नसतो. बटईने शेत करणारा खळ्यावर माप होईपर्यंत रास आपली म्हणत नाही, तसं हे आहे. पौल करिंथकरांना कारभाऱ्याची एकच कसोटी सांगतो: तो विश्वासू निघाला पाहिजे (१ करिंथ ४:२). हुशार किंवा लोकप्रिय निघाला पाहिजे, असं तो म्हणत नाही.

मत्तयाच्या २५व्या अध्यायात पाच, दोन आणि एक तालांत मिळालेले तीन दास आहेत. ‘एक’ ऐकून आपण त्या तिसऱ्याला बिचारा समजतो. पण एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार हा मजुराचा एका दिवसाचा रोज. आज ४०० रुपये रोज धरला तरी २४ लाख होतात. धन्याने त्याला थोडं दिलं नव्हतं. त्याने पुरलं ते भीतीपोटी, आणि हे तो स्वतःच सांगतो.

आता कामाकडे. यात सहा पायऱ्या आहेत. चौथीला वेळ जास्त लागतो, तिसरी लोक हमखास गाळतात.

पहिली पायरी: वही घाला

शंभर पानी साधी वही पुरे. चौदा दिवस, रोज रात्री पाच मिनिटं. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी: कोणासाठी काय केलं, किती वेळ गेला, कोणी बोलावलं म्हणून केलं की आपणहून, आणि केल्यावर कसं वाटलं. इथे मोठ्या सेवेच्याच गोष्टी लिहायच्या नाहीत. शेजाऱ्याची मोटर दुरुस्त केली, भांडण मिटवलं, पोराला गणित शिकवलं, सगळं लिहायचं.

नमुना म्हणून समजा, गेवराई तालुक्यातली एक बाई शिवणकाम करते. तिच्या वहीतल्या तीन नोंदी अशा:

मंगळवार. शेजारच्या आजींचा संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरला. ४० मिनिटं. त्यांनी बोलावलं. वेळ कसा गेला कळलं नाही.

गुरुवार. महिला मंडळात प्रार्थना चालवली. १० मिनिटं. पाळकबाईंनी सांगितलं म्हणून. आदल्या रात्री झोप नाही.

शनिवार. दोन मुलींना साडीचा फॉल लावायला शिकवला. दीड तास. आपणहून. पुढच्या शनिवारी त्या परत येणार.

तिला कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘मला शिवता येतं, बाकी काही नाही.’ वही वेगळंच सांगते. तिला शिकवता येतं, आणि कागदपत्रांना घाबरलेल्या माणसाला धीर देता येतो. पंधराव्या दिवशी वही वाचताना तीन खुणा शोधा: तीन वेळा किंवा जास्त आलेलं काम, लोक परत बोलावतात ते काम, आणि थकवा आला तरी कंटाळा न आलेलं काम. या तिन्हींत बसतं ते आधी तपासायचं. प्रार्थना चालवायला झोप उडते म्हणून ते दान नाहीच, असं मात्र ठरवू नका. नवखेपणाची धडधड आणि मूळची नावड यांतला फरक दुसऱ्या पायरीत कळतो.

वहीच्या मागच्या पानावर साधनांची यादी: मोटारसायकल, रिकामी खोली, पेटी, शंभर माणसांची भांडी, तहसीलमधल्या कामांची माहिती, इंग्रजी वाचता येणं. ‘दान’ म्हटलं की गाणं आणि भाषण एवढंच डोळ्यासमोर येतं. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात संदेश आणि शिक्षण यांच्या ओळीतच सेवा, बोध करणं, देणं, पुढारीपण आणि दया आहे. निवासमंडपाच्या (मोशेच्या काळातल्या उपासनेच्या तंबूच्या) कामात बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, पितळ, लाकूड घडवण्यासाठी (निर्गम ३१). जन्मजात कसब कोणतं आणि आत्मिक दान कोणतं, यावर तासभर वाद घालता येतो. हिशेब दोन्हींचा द्यायचा आहे, त्यामुळे वहीत दोन्ही एकाच पानावर चालतात.

दुसरी पायरी: पारख करून घ्या

स्वतःच्या दानाचा दाखला स्वतः द्यायचा नसतो. तीन माणसांना विचारा: पाळक किंवा मंडळीतले एखादे वडील, तुमच्या कामाचा प्रत्यक्ष फायदा झालेला माणूस, आणि तुमचं फारसं कौतुक नसलेला माणूस. घरच्यांना धरू नका. आईला मुलाचा आवाज नेहमीच गोड लागतो.

‘मी कसा गातो?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. प्रश्न असे हवेत: ‘मी शिकवलेलं महिन्यानंतर तुम्हाला काय आठवतं?’ ‘मी या कामात नसतो तर काय अडलं असतं?’ ‘मी कोणत्या कामाला नाही म्हणावं असं तुम्हाला वाटतं?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्यात कामाचं निघतं.

मग तीन महिन्यांची चाचणी. सुरुवातीची आणि शेवटची तारीख आधीच ठरवून सांगायची. शेवटची तारीख नसली की लोक दोन चुका करतात: नको असलेलं काम भिडेखातर वर्षानुवर्षं ओढतात, किंवा जमत नसलेल्या माणसाला कोणी सांगत नाही आणि मंडळी निमूट सोसते. तारीख असली की दोन्ही बाजूंना मान राखून थांबता येतं.

नवा वक्ता तपासायला उत्तम शुक्रवारची उपासना चांगली. वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांत वाटले जातात. नवख्याला एक उद्गार द्या, वेळ सात मिनिटं. तेवढ्यात माणूस वचनाला धरून बोलतो की भरकटतो, ते स्वच्छ दिसतं आणि उपासनेचं नुकसानही होत नाही. एकदम रविवारचा मुख्य संदेश देणं हा प्रयोग माणसावरही अन्याय आहे, मंडळीवरही.

हे ओळखणारा डोळा हेही एक दान आहे. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, शिष्य घाबरत होते तेव्हा बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला. पुढे तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं आणि वर्षभर बरोबर शिकवलं (प्रेषित ९ आणि ११). तुमच्या मंडळीत असा बर्णबा असेल तर त्याला इतर कमिट्यांतून मोकळं ठेवा.

तिसरी पायरी: वेळ मोजा, मग हो म्हणा

लूकाच्या १४व्या अध्यायातल्या बुरुज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च काढायला हवा होता. वेळेचंही तसंच. झोप, नोकरी किंवा शेत, येणं-जाणं, घर आणि आजारी माणसाचं बघणं वजा करून आठवड्याला बहुतेकांच्या हातात सहा ते आठ तास उरतात. त्यातले चारच सेवेसाठी धरा. बाकीचे अडीअडचणीला लागतात.

आता कामाची खरी किंमत बघा. रविवारशाळेचा ४५ मिनिटांचा वर्ग तयारी धरून तीन तास खातो. वीस मिनिटांचा संदेश नवख्याला सात-आठ तास, सरावलेल्याला पाच. गायन पथकात तालीम, उपासना आणि सामान लावणं-आवरणं मिळून चार. खजिनदाराला महिनाभर हलकं, पण मार्चअखेरीला आठवडाभर डोकं वर काढता येत नाही. यावरून नियम सोपा: एका माणसाकडे एक मुख्य जबाबदारी आणि एक मदतीची. तिसरी आली की आधीच्या दोनांपैकी एक कोणाकडे द्यायची हे तिथेच ठरवायचं.

मराठवाड्यात वर्षाची आखणी घड्याळापेक्षा हंगामावर चालते. सोयाबीन काढणीच्या ऑक्टोबरात तालीम ठेवली तर कोणी येणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं आणि त्यांच्या आया मोकळ्या नसतात. एप्रिल-मे लग्नसराई, आणि टंचाईच्या गावांत टँकरच्या वेळा. उन्हाळी शास्त्रशाळा घ्यायची तर सकाळी साडेसात ते दहा, त्यापुढे पत्र्याखाली बसवत नाही. नवी जबाबदारी जूनमध्ये सुरू केलेली बरी. पाऊस पडला तर लोक पेरणीत असतात हे खरं, पण शाळा सुरू झालेल्या असतात आणि दिवसाला शिस्त आलेली असते.

बीड आणि आसपासच्या तालुक्यांतली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ढोलकी वाजवणारा आणि वचन पाठ असलेली बाई दोघंही पाच-सहा महिने गावात नसतील, तर गावात त्यांची जागा घेणारा दसऱ्याआधी तयार हवा. आणि त्यांच्या दानाला सुट्टी नाही. तोडणी पहाटे सुरू होते, म्हणून फडावरच्या कोप्यांत (तोडकऱ्यांच्या झोपड्यांत) प्रार्थना संध्याकाळी, वीस मिनिटांच्या आत, एक गीत, एक वचन, एक विनंती अशी. जाताना त्यांच्याबरोबर लहान गीतपुस्तक आणि फोनवर उतरवून घेतलेलं श्राव्य बायबल द्या. आठवड्यातून एकदा ठरल्या वारी मंडळीतून फोन जावा. एवढं तरी व्हायलाच हवं.

चौथी पायरी: दानाप्रमाणे कामाची घडी बसवा

*शिकवणं आणि संदेश.* सोमवारी उतारा मोठ्याने पाच वेळा वाचा. मंगळवारी आधीचा आणि पुढचा अध्याय. बुधवारी ‘या उताऱ्यात देव काय सांगतोय’ हे एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर संदेशही जमलेला नाही, मग गुरुवारीही तिथेच थांबा. शुक्रवारी मुद्दे मांडून घड्याळ लावून उभ्याने बोला. शनिवारी कापा. वीस मिनिटांत साधारण बावीसशे शब्द होतात, म्हणजे हाताने लिहिलेली आठ-नऊ पानं. चौदा पानं लिहून ‘वेळ झाला तर थांबेन’ म्हणणारा थांबत नाही. सगळ्यात जास्त बिघडतं ते उदाहरणांत: मंडळीतल्या कोणाची गोष्ट नाव न घेता सांगितली तरी पन्नास घरांच्या वस्तीत ती कोणाची हे सगळ्यांना कळतं. अशी गोष्ट सांगू नका.

*गाणं आणि वाद्यं.* गायकाला शोभणारी पट्टी नको, मंडळीला झेपणारी हवी. गीत वरच्या सा च्याही वर ग पर्यंत जात असेल तर पट्टी अर्धा-एक स्वर खाली घ्या. ध्रुपदाला मागच्या बाकांवरचे गप्प बसले की पट्टी चढी आहे असं समजा. नवं गीत महिन्याला एकच, आणि ते सलग तीन-चार रविवार. तालीम तासाभराची: दहा मिनिटं सूर, चाळीस गीतं, दहा प्रार्थना. वीज जाणार हे गृहीत धरून पेटी आणि ढोलकी हाताशी ठेवा. कीबोर्डवरच सगळं बेतलेलं असेल तर भारनियमनात उपासना मुकी होते. स्पीकर शिट्टी मारत असेल तर आवाज कमी करण्याआधी तो माइकच्या पुढच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून ठेवा. माइकच्या मागे ठेवलेला स्पीकर शिट्टी मारणारच.

इतिहासातल्या पहिल्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात मंदिरात गाण्यासाठी शिकवून तयार केलेले २८८ जण मोजले आहेत, आणि पाळ्या ठरवताना गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या आहेत. एकच गळा वर्षानुवर्षं पुढे, हे शास्त्राला धरून नाही. इतकं स्पष्ट कोणी बोलत नाही, कारण तो गळा बहुधा कमिटीतल्या कोणाचा तरी नातलग असतो.

*दया आणि भेटीगाठी.* हे दान असलेली माणसं सगळ्यात लवकर थकतात, म्हणून याला मर्यादा सगळ्यात जास्त लागतात. भेटीला दोघांनी जायचं. घरी वीस मिनिटं, रुग्णालयात दहा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जायचं तर भेटीची वेळ आधी विचारा, खाटेवर बसू नका, खायला काही नेण्याआधी सिस्टरना विचारा. नातेवाइकाला सर्वांत गरज असते ती रात्री बसायला बदली माणसाची आणि डब्याची. प्रार्थना थोडक्यात, रुग्णाला ऐकू येईल अशी.

प्रार्थनेनंतर कोणालाही औषध बंद करायला सांगू नका. रक्तदाब, साखर, फिट्स यांच्या गोळ्या अचानक थांबवल्या की जिवावर बेततं. साध्या क्षयरोगाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडला तर औषधांना न जुमानणारा क्षय होऊ शकतो. बरं होण्याची साक्ष द्यायची असेल तर डॉक्टरांचा कागद झाल्यावर द्या.

कर्ज, नापिकी, घरातला कलह यांनी खचलेला माणूस ‘आता जगून काय करू’ असं म्हणाला, तर ते बोलणं हलक्यात घेऊ नका आणि उपदेशही सुरू करू नका. त्याला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडे हलवा, घरच्या एका विश्वासू माणसाला सांगा, आणि टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर त्याच्याबरोबर बसून फोन लावा. ऐकलेली गोष्ट प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून मांडायची नाही, त्याने स्वतः सांगितलं तरच.

*मुलांमध्ये काम.* दहा-बारा मुलांमागे एक शिक्षक, पण वर्गात मोठी माणसं नेहमी दोन, दार उघडं. एकट्या मुलाला गाडीवर घरी सोडणं नको. मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ती मंडळीत मिटवायची नसते. पोक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन १०९८ वर मार्गदर्शन मिळतं. दान कितीही मोठं असलं तरी हे नियम न पाळणाऱ्याला मुलांच्या वर्गावर ठेवू नये.

*देणं आणि पैशाचा कारभार.* यहूदियातल्या गरिबांची वर्गणी पोचवताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस दिला, का तर कोणी बोट दाखवू नये (२ करिंथ ८). त्याला स्वतःच्या प्रामाणिकपणाची शंका नव्हती, तरी त्याने साक्षीदार घेतला. म्हणून अर्पण एका घरच्या दोघांनी मोजू नये. उपासना संपली की तिथेच, दोन वेगळ्या घरचे, नोटांप्रमाणे चिठ्ठी: ५०० च्या किती, २०० च्या किती, चिल्लर किती, खाली दोन सह्या. पैसे पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत. ‘घरी ठेवले, नंतर भरतो’ इथून सगळे वाद सुरू होतात. नोंदणीकृत न्यासाचं वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर त्याआधीच्या पावत्या एप्रिलात शोधत बसू नका, दर महिन्याला पाकिटात घाला. आयकराची ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीत सवलत मिळते, पण २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन.

देणाऱ्यासाठी तीन गोष्टी. सावकाराकडून उचलून दान देऊ नका. याच अध्यायात पौल म्हणतो, आपल्यापाशी असेल त्यातून दिलेलंच मान्य होतं. देणगीबरोबर मताचा अधिकार मागू नका. आणि पुरे झालं की पुरे म्हणायला मंडळीनेही शिकावं: निवासमंडपासाठी इतकं आलं की आणखी आणू नका, अशी दवंडी मोशेला पिटावी लागली (निर्गम ३६).

*हातातलं कसब.* गवंडी, वायरमन, शिंपी, आचारी यांची दानं मंडळी सगळ्यात जास्त वापरते आणि सगळ्यात कमी नोंदवते. काम सुरू होण्याआधी बोलून घ्या: सामान मंडळीचं, एका दिवसापर्यंतचं काम सेवा म्हणून, त्यापुढे ठरलेला रोज. रोजावर पोट असलेल्या माणसाचे चार दिवस ‘देवाच्या कामासाठी’ फुकट घेणं बरोबर नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूचंच वचन आहे (लूक १०:७). त्याला स्वतःहून द्यायचं असेल तर ते त्याने म्हणावं, कमिटीने नव्हे. यापोची टबीथा विधवांसाठी कपडे शिवायची, आणि ती गेल्यावर त्या बायका तेच कपडे पेत्राला दाखवत रडल्या (प्रेषित ९). कसबाचा हिशेब असाही देता येतो.

कापणीच्या सणाच्या जेवणाला शंभर पानं असतील आणि भात मुख्य असेल तर तांदूळ बारा किलो, वरणाला तुरीची डाळ पाच-सहा किलो धरा. पोळ्या असतील तर तांदूळ आठ किलो पुरतात. आचाऱ्याच्या हाताखाली चार जण हवेत. दोघांतच भागवलं तर तो पूर्ण उपासनेला मुकतो, दर वर्षी, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

*पुढारीपण.* इथे एकच सांगायचं. सासरा इथ्रो याने मोशेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करताना पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की तू थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमली गेली (निर्गम १८). ज्याच्या फोनशिवाय चर्चच्या खोलीची किल्लीही मिळत नाही, त्या सचिवाने हा अध्याय पुन्हा वाचावा.

पाचवी पायरी: तीन महिन्यांनी हिशेब

लूकाच्या १६व्या अध्यायातला धनी ‘तुझ्या कारभाराचा हिशेब दे’ म्हणाला तेव्हा कारभाऱ्याची धांदल उडाली, कारण तोवर कोणी मागितला नव्हता. मागायची वेळ येऊ देऊ नका. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ठरलेल्या एका माणसासमोर अर्धा तास. तो माणूस तुमच्या हाताखाली काम करणारा नको, आणि तुमच्या भावकीतलाही नको.

वहीचं एक पान पुरतं. काय करायचं ठरलं होतं आणि काय झालं. कोणाचं बरं झालं, निदान दोन नावं. माझ्या हातून कोण दुखावलं आणि त्याला भेटलो का. घरच्यांची तक्रार काय. पुढच्या तीन महिन्यांत काय सोडणार. शेवटची ओळ कोरी राहिली तर समोरच्याने उठू देऊ नये.

यात हजेरीचे आकडे लिहा, पण त्यांवर यश मोजू नका. पाच तालांतवाल्याला आणि दोनवाल्याला धन्याने दिलेली शाबासकी शब्दशः एकच आहे. शेजारच्या मंडळीतल्या गायकाचे व्हिडिओ किती जणांनी पाहिले याची तुलना सुरू झाली की हिशेबाची वही बंद होते आणि हेव्याची उघडते. १ करिंथ १२ मध्ये पाय म्हणतो, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही. डोळा हाताला म्हणतो, मला तुझी गरज नाही. आपण कोणत्या बाजूला आहोत ते पाहून घ्यावं, कारण औषध वेगळं आहे. पहिल्याला काम द्यावं लागतं, दुसऱ्याला थोडे दिवस विश्रांती.

विश्रांतीही याच पानावर लिहा. आठवड्यात एक संध्याकाळ मंडळीच्या कामाशिवाय. वर्षात सलग चार रविवार फक्त बाकावर. चिडचिड वाढणं, तयारी शनिवारी रात्रीवर ढकलणं, ‘माझ्याशिवाय होणार नाही’ असं वाटणं, या तिन्हींतल्या दोन खुणा दिसल्या तर वर्षअखेरीची वाट पाहू नका.

सहावी पायरी: दुसऱ्याला तयार करा आणि सोडा

आपल्याकडची पोरं शिकून पुण्या-मुंबईला जातात आणि वर्षभरात कीबोर्ड झाकलेला, रविवारशाळा बंद, हिशेबाचा संगणक कोणाला उघडता येत नाही, अशी गत होते. पोरं जाणारच. म्हणून जबाबदारी घेतली त्याच महिन्यात शिकणारा शोधायचा. पौलाने तीमथ्याला चार पिढ्यांची साखळी सांगितली आहे: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ते (२ तीमथ्य २:२). बसालेलालाही नुसती कला मिळाली नव्हती, शिकवण्याची बुद्धीही मिळाली होती (निर्गम ३५:३४).

सहा महिन्यांचं वेळापत्रक असं ठेवता येतं. पहिले सहा आठवडे शिकणारा फक्त बघतो आणि काम झाल्यावर प्रश्न विचारतो. पुढचे सहा आठवडे सोपा भाग तो करतो: वर्गात गीत आणि वचनपाठ, हिशेबात चिठ्ठी लिहिणं. त्यानंतरचे आठ आठवडे काम तो करतो आणि तुम्ही मागे बसता. चूक झाली तरी तिथे बोलायचं नाही, घरी जाताना बोलायचं, आधी एक चांगलं, मग एकच सुधारणा. शेवटचे सहा आठवडे तुम्ही त्या वेळी दुसरीकडे असता. हा टप्पा लोकांना सगळ्यात जड जातो. खोलीत जुना शिक्षक बसलेला असला की मुलं नव्याकडे बघत नाहीत.

शिकणारा निवडताना आपल्याच घरातला पहिला दिसतो. असू द्या, पण बरोबर दुसऱ्या घरचाही एक घ्या. प्रेषित ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात डावलल्याची कुरकुर झाली, तेव्हा सात माणसं नेमताना आधी गुण सांगितले आणि निवड लोकांवर सोपवली. वाड्या-वस्त्यांतल्या मंडळ्यांत पदं एका आडनावात फिरू लागली की बाकीच्यांची दानं दारातच थांबतात.

लेव्यांना (उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाला) निवासमंडपाची सेवा पंचविसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत होती. त्यानंतर भारी काम बंद, पण भावांना मदत चालू (गणना ८:२४-२६). साठीतल्या माणसाला काढून टाकल्यासारखं वाटू नये आणि तिशीतल्याला वाट मिळावी, यासाठी ही व्यवस्था आजही उचलण्यासारखी आहे. जुन्या खजिनदाराने मोजणीला साक्षीदार म्हणून बसावं, जुन्या गायिकेने तालमीत सूर धरून द्यावा.

हस्तांतराच्या दिवशी तोंडी ‘आता तू बघ’ म्हणून चालत नाही. कागदावर यादी करा: किल्ल्या किती आणि कोणत्या, वह्या आणि पावतीपुस्तकं कुठपर्यंत भरली, बँकेतल्या सह्या बदलायचा अर्ज, पासवर्ड, उधारी, अर्धवट राहिलेली कामं, कोणत्या घरी कोणत्या कारणाने जाणं सुरू होतं (खाजगी गोष्टी वगळून), वाद्यांपैकी काय दुरुस्तीला आहे. खाली देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि एका साक्षीदाराची सही, तारीख. एक प्रत मंडळीच्या फाइलमध्ये. रविवारच्या उपासनेत दोघांसाठी मिळून प्रार्थना व्हावी, आणि पुढच्या सोमवारी फोन आला तर जुन्याने ‘नव्याला विचारा’ एवढंच उत्तर द्यावं.